पालकांनी फोडायच्या शेंगा

आमच्या घरात कॉलेजचं काम निघालं की मला पुढं घालतात. कारण सरळ आहे. सगळ्या भावांत कॉलेजचा जिना चढलेला मी एकटा, आणि तोही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षापर्यंत. त्या वर्षाचं पुढं काय झालं हे घरात कुणी विचारत नाही आणि मीही विषय काढत नाही. गडमुडशिंगीत दूध संस्थेचा सचिव म्हणून माझा जन्म चालला आहे. म्हशीचा फॅट मला मशीनशिवाय नुसत्या बोटावर कळतो असं मी सांगत असतो. माणसाचा कधी कळला नाही. तोंड मात्र देवानं भरपूर दिलं. पोरांचे दाखले, प्रवेश, गैरहजेरी, नापास, सगळीकडं मी पुढं होऊन बोलायचं, पोरांनी माझ्या पाठीमागं उभं राहून फरशी बघायची आणि मी काम करून आणायचं, ही आमच्या घरची रीत.

एका सरांनी मात्र पहिल्याच भेटीत मला मागच्या बाकावर बसवलं आणि हातात शेंगा दिल्या.

सर गेल्या महिन्यात गेले. बातमी कळली तेव्हा मी डेअरीवर सकाळचं दूध घेत होतो. त्या सकाळी मी दोघांचा फॅट एकमेकांच्या खात्यावर लिहिला.

ते माझे सर नव्हेत. थोरल्या दादाच्या मुलीचे. हल्ली कॉलेजात थोड्या थोड्या पोरांमागं एकेक प्राध्यापक नेमून देतात. पोरगं कुठं अडलंय, कुठला विषय घ्यावा, पुढं काय करावं, हे त्यानं बघायचं. त्याला पालक शिक्षक म्हणतात. बहुतेक ठिकाणी हे काम वर्षातून एकदा सही करण्यापुरतं असतं. फिजिक्स शिकवणाऱ्या या सरांनी मात्र ते जिवाला लावून घेतलं होतं. त्या कॉलेजात तरी दुसऱ्या कुणाला ते लागलेलं मी पाहिलं नाही.

पुतणी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि केमिस्ट्रीत लागोपाठ उडाली होती. दादानं घरात सांगून टाकलं होतं, "आणि एकदा उडाली तर बास. स्थळं बघायला घ्यायची." दादा वाईट माणूस नाही. फक्त त्याचं एकदा ठरलं की ठरलं. तर त्या दिवशी आम्ही तिघं निघालो. दादाच्या हातात म्हशीच्या दुधाची किटली आणि खव्याचा डबा, माझ्या खिशात एका नगरसेवकाचा नंबर, आणि पुतणीच्या हातात काहीच नाही.

सरांची खोली कॉलेजच्या अगदी टोकाला, मोडक्या बाकांच्या कोठीशेजारी. उंच, वाळका माणूस. बाटलीसारख्या हिरव्या रंगाचा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. तो ते होळीपर्यंत घालायचे आणि होळीनंतर खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवायचे, त्यामुळं उन्हाळाभर त्या खुर्चीत आणखी कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं.

त्यांनी किटलीकडं बघितलं. "हे कुणाला?"

"तुमास्नीच की सर," दादा म्हणाला. "घरच्या म्हशीचं."

"मला दूध पचत नाही. बाहेर शिपाईमामा आहेत, त्यांच्या चहाला द्या."

मग त्यांनी टेबलाखालून पत्र्याचा मोठा डबा काढला, बाकावर पेपर पसरला आणि त्यावर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग ओतला. एक वाटी ठेवली, एक कापडी पिशवी ठेवली.

"पालकांनी शेंगा फोडायच्या. दाणे वाटीत, टरफलं पिशवीत. खायच्या नाहीत."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "सर, आमी बोलायला आलोय."

"ते दिसतंय. पण प्रवेश यांनी घेतलाय." आणि पुतणीकडं वळून म्हणाले, "बोला. आपलं काय म्हणणं आहे?"

एकोणीस वर्षांच्या पोरीला कुणी 'आपण' म्हणतंय हे आमच्या घराण्यात पहिल्यांदा घडत होतं. ती फरशी बघत राहिली. सर तिच्याकडं बघत राहिले. आम्ही दोघं भाऊ, एकाच्या मिशा पिकलेल्या आणि दुसऱ्याच्या काळ्या केलेल्या, बाकावर बसून शेंगा फोडत होतो. कडाक. कडाक. एवढाच काय तो आवाज.

मला राहवेना. "त्याचं काय हाय सर, तिला मुळात—"

"पावणं, शेंगा राहिल्यात."

भिंतीवर घड्याळ होतं, पण बंद. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पुतणी एक अक्षर बोलली नाही. तासाची घंटा झाली तसे सर उठले, वाटीतले दाणे डब्यात ओतले आणि म्हणाले, "बरं. बुधवारी. आणि आज जे बोलायला आले होते त्यांनी बुधवारी ऐकायलाही यायचं."

जिन्यात दादा म्हणाला, "ह्यो मास्तर हाय का वाणी?"

दादाला उसाची तोड, पाण्याची पाळी, शंभर कामं. त्यामुळं बुधवार माझ्या वाट्याला आले. सकाळचं दूध आटोपून मी मोटारसायकल काढायचो, पुतणी मागं बसायची आणि वाटेत मी तिला पढवायचो. "अंगात ताप हुता म्हण. टायफॉइड म्हण. टायफॉइडवर मास्तर लोक लई प्रश्न विचारत न्हाईत." ती म्हणायची, "बरं काका." आणि खोलीत गेली की परत फरशी. एका बुधवारी तर मीच बाकावरून हळूच म्हणालो, "टायफॉइड." सरांनी न बघता डबा माझ्याकडं सरकवला.

त्यांची काही वाक्यं मला त्या बाकावर पाठ झाली. घड्याळ का बंद म्हणून विचारलं तर म्हणाले, "घड्याळ बघत बोलणारा थोडक्यात बोलतो. आणि थोडक्यात बोललेलं निम्मं दुसऱ्याचं असतं." त्यांच्याकडं प्रश्न घेऊन येणाऱ्यानं स्वतःचं उत्तर बरोबर आणायचं, असा नियम. "चुकीचं चालेल. उसनं चालणार नाही." पोरं यायची, "सर, तिसऱ्या वर्षाला कुठला विषय घेऊ?" सर विचारायचे, "आपण काय ठरवलंय?" पोरगं म्हणायचं, "तुमीच सांगा की सर." त्यावर सर गंभीरपणे, "सांगतो. मग परीक्षेलाही मीच बसतो."

आता हे ऐकायला गमतीचं वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. पोरं हात हलवत परत जायची. स्टाफरूममध्ये त्यांना 'शेंगावाला' म्हणत. पालक तर चिडून प्रिन्सिपलकडं जात, की आम्ही फी भरतो ती शेंगा फोडायला का? ज्याला सोपं उत्तर हवं त्यानं शेजारच्या खोलीत जावं. तिथले प्राध्यापक दोन मिनिटांत विषयही सांगायचे आणि क्लासचा पत्ताही. मी स्वतः दादाला म्हणालो होतो, "दुसरा मास्तर मागून घेऊया. हा पोरीचं वर्ष घालवणार."

रस्त्यात ते कधी ओळख देत नसत. एकदा मंडईत मला दिसले, हातात मेथीची जुडी. मी लांबून हाक मारली, "सर, आमच्या पोरीचं काय?" त्यांनी माझ्या आरपार पलीकडची कोबी बघितली आणि निघून गेले. बुधवारी विचारलं तर म्हणाले, "रस्त्यात भेटलेला पालक पोराबद्दल असा बोलतो, जसं बाजारात जनावर आणलंय."

मला राग आला होता. आम्ही जनावरांतली माणसं. जनावराबद्दलही आम्ही बरं बोलतो.

एकदाच त्यांच्या तोंडून जास्त शब्द ऐकले. पुतणी लायब्ररीतून यायची होती, आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "सर, बोलत न्हाई ती. तुमाला कळतंय तिला काय पायजे ते. कळत न्हाई असं न्हाई. तुमीच सांगून टाका की दादाला."

"मी सांगितलं तर ते माझं होईल. उद्या अवघड गेलं की ती म्हणेल, सरांचं होतं."

"आणि कधीच बोलली न्हाई तर?"

त्यांनी माझ्यापुढची शेंग उचलली आणि स्वतः फोडली. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. म्हणाले, "होता एक. वर्षभर यायचा. तुम्ही बसलाय तिथं त्याचे वडील. मी वाट बघत राहिलो. मला वाटलं, आज बोलेल, पुढच्या वेळी बोलेल. मग यायचाच बंद झाला. परवा कळंब्याच्या रस्त्याला गाडी धुवायला थांबलो तर तोच. त्यानं माझी गाडी धुतली. चाकं, आरसे, सगळी नीट धुतली. ओळख दिली नाही."

"तुमी?"

"मी काय बोलणार? मी कधी बोललोय?" मग दाणा वाटीत टाकून म्हणाले, "तेव्हा बोलायला पाहिजे होतं मी. का नको होतं? अजून कळलेलं नाही."

तेवढ्यात पुतणी आली. पण त्या दिवसापासून मला त्यांच्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली. तोपर्यंत मला वाटायचं, या माणसाला शेवटी काय होणार ते ठाऊक आहे. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आमची पोरगी बोलली नाही तर तिचं कॉलेज सुटणार होतं, दादा शब्दाचा पक्का होता, आणि हा माणूस तोंड मिटून ते सगळं पणाला लावून बसला होता.

त्यांना मूल नव्हतं. ते तापानं घरी होते तेव्हा एक बुधवार त्यांच्या घरी झाला, त्यात सरांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, ओळख झाली. काकू म्हणजे सरांच्या अगदी उलट. दार उघडल्यापासून बोलत होत्या. "या, या. तुम्ही शेंगावाले पालक का? अहो, ते दाणे सगळे घरी येतात. डब्यात शेंगा मी भरते आणि दाणे परत मीच घेते. आमच्या घरात प्रत्येक भाजीत पालकांनी फोडलेलं कूट असतं. आता माझ्या जिभेला कळतं हो, कुठल्या आठवड्यात पालक चिडलेले होते. दाणे चेचलेले असतात."

आतून सरांनी खोकून विषय संपवला.

आणि मग तो बुधवार. दादा स्वतः आला होता, परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ जवळ आलेली. आम्ही बसलो, शेंगा ओतल्या गेल्या, सर म्हणाले, "बोला. आपलं काय म्हणणं आहे?" मी सवयीनं पहिली शेंग उचलली आणि पुतणी बोलली.

"मला केमिस्ट्री नको."

दादाचा हात थांबला. सरांनी नुसती मान हलवली, म्हणजे पुढं.

"मला भूगोल घ्यायचा हाय. पयल्या वर्षापासनं. वर्ष जाईल, ते ठावं हाय मला." ती फरशीकडंच बघत होती, पण आवाज सरळ होता. "जयसिंगपूरकडं मामाच्या गावात मी हुतो, पाणी आलं तवा." आमच्याकडं पोरीही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. "सगळी पुढच्या दारात उभी हुती. नदी पुढं हाय म्हणून. कट्ट्यावर पोती रचलीती. पाणी मागल्या दारानं आलं. ओढ्यानं. आज्जी मागल्या खोलीत झोपलीती, तिच्या खाटेला पाणी लागलं तवा कळलं. कुणालाच म्हाईत नव्हतं पाणी तिकडनं येतंय. मला ते शिकायचं हाय. पाणी कुणीकडनं येतंय ते."

दादा शेंगा फोडत नव्हता, मुठीत धरून चुरत होता. टरफल, दाणा, सगळं एक झालं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा काही बोललो नाही. बोलावं असं वाटलंही नाही.

मूठ न उघडता दादा म्हणाला, "आणि कोट?"

ते फक्त मला कळलं. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये पांढरा कोट घातलेली एक पोरगी असायची. तिनं उसातल्या साखरेच्या उताऱ्याचा आकडा सांगितला की मोठे मोठे बागायतदार टोपी सावरून ऐकायचे. दादा दर सीझनला तिला बघून यायचा आणि घरी सांगायचा. आमच्या पोरीला त्या कोटात बघायचं, एवढ्यासाठी त्यानं केमिस्ट्री घ्यायला लावली होती. तिला कधी विचारलं नव्हतं, कारण लाडाच्या गोष्टी आम्ही विचारून करत नाही.

सरांनी दादालाही तसंच, थांबून ऐकलं. "आणखी काही म्हणणं आहे आपलं?" असं त्यालाही 'आपण' म्हणून विचारलं.

दादा उठला. हातातला चुरा पिशवीत टाकावा की वाटीत, ते त्याला कळेना. शेवटी तो तसाच मुठीत घेऊन जिना उतरला.

त्यानं नाही म्हटलं नाही. पुतणी भूगोलाला गेली, पहिल्या वर्षापासून सुरुवात केली, स्थळांचं बोलणं मागं पडलं. पण दादा तिच्याशी बोलायचा थांबला. भांडण नाही, रुसवा नाही, नुसता थांबला. माझ्या तोंडून विचारायचा, "तिला म्हण, डबा न्हेणार हाय का." ती समोरच बसलेली असायची. मी म्हणायचो, "डबा न्हेणार हाईस का?" ती म्हणायची, "व्हय काका." मी दादाला सांगायचो, "व्हय म्हणत्या." मला या कामात फार महत्त्व आल्यासारखं वाटायचं. बापलेकीच्या मधली तार मी. तार मध्ये असेपर्यंत ती दोघं थेट कशाला बोलतील, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

सर आता तिचे पालक शिक्षक राहिले नव्हते, तरी ती बुधवारी जायची. मग सर निवृत्त झाले. खोलीत दुसरं कुणी आलं, घड्याळात सेल पडला. निवृत्तीच्या पाठोपाठ सरांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

पुतणीबरोबर मीही त्यांच्या घरी गेलो. सर खुर्चीत, तोच हिरवा स्वेटर, आता तो अंगावर लोंबत होता. काकू बोलत होत्या, नेहमीसारख्या, पण आता सरांच्या वाटणीचंही. "बरे आहेत. झोप लागते. पंखा नको असतो त्यांना. टीव्ही नको असतो. भेटायला कुणी आलेलं आवडतं, नाही हो?" सर त्यांच्याकडं बघत होते. डोळे तसेच होते, बाकावरच्या माणसाला ओळखणारे.

पुतणीनं विचारलं, "सर, चहा घेणार?"

"चहा नको असतो त्यांना," काकू म्हणाल्या.

पुतणीनं पिशवीतून आमच्या शेतातल्या शेंगा काढल्या आणि ताट काकूंच्या मांडीवर ठेवलं. "काकू, ह्या एवढ्या फोडता का?"

काकू हसल्या. मग हसता हसता त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि त्यांनी खाली मान घालून शेंग उचलली. मीही दोन घेतल्या. आम्ही फोडत राहिलो. सरांचे ओठ हलले. काही आलं नाही. पुतणी थांबली. परत हलले. मला वाटत होतं, उठावं, खिडकी उघडावी, काहीतरी करावं. पुतणी तशीच बसून, त्यांनी तिच्याकडं बघितलं होतं तसं बघत.

"च..." सर म्हणाले. आणि पुष्कळ वेळानं, "हा."

काकूंच्या मांडीवरचं ताट कलंडलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी पहिल्यांदा बंद सांगितला होता, घशात जाईल म्हणून. नंतर मी विचारलंच नाही गं. एवढे महिने मी विचारलंच नाही."

चमच्यानं पाजलेला चहा निम्मा हनुवटीवरून खाली आला. पण सरांनी डोळे मिटून घेतले होते. मी ऐकलेला त्यांचा शेवटचा शब्द तो. नंतरच्या बुधवारी पुतणी जाऊन बसायची, थांबायची, पण तोही शब्द परत आला नाही.

दहाव्याला आम्ही पंचगंगेच्या घाटावर गेलो. दादाही आला. "मी येतो," एवढंच म्हणाला, का ते सांगितलं नाही. थंडीतली नदी, खाली गेलेलं पाणी, काठाला जलपर्णी कुजलेली. माणसं फार नव्हती. सरांचा पुतण्या विधीला बसला होता. स्टाफरूममधले दोघं-तिघं, एक जुने प्रिन्सिपल, काकू आणि आम्ही. पानावर पिंड ठेवला, बाजूला काकूंनी कपात चहा ठेवला, पुतणीनं पिशवीतल्या चार शेंगा.

कावळे समोरच्या कठड्यावर होते. एकही खाली येईना.

मग सुरू झालं. कावळा शिवला नाही की गेलेल्याची इच्छा राहिली असं धरतात, आणि ती ओळखून कुणीतरी शब्द द्यायचा. पुतण्या म्हणाला, "काकूला आम्ही सांभाळू." कावळा हलला नाही. एक प्राध्यापक म्हणाले, "विभागप्रमुख व्हायचं राहिलं त्यांचं. ते मनात असणार." प्रिन्सिपल म्हणाले, "छे, घर. घराचं रंगकाम राहिलंय, करतो म्हणा." काकू म्हणाल्या, "माझी काळजी असेल हो त्यांना." कुणीतरी पुस्तकांचं काढलं, कुणी गाडीचं. आणि मी तर मीच. दोन पावलं पुढं होऊन, हात जोडून, सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "सर, दर सुगीला शेंगांचं पोतं घरात पोचतं करतो! दिला शब्द!"

कावळ्यानं मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं आणि परत नदीकडं तोंड केलं.

"आरं गप बसा की जरा!"

दादा होता. शेतात हाक मारतात तसा ओरडला. सगळे वळले. दादाचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. "किती बोलालाय त्यांच्या वतीनं? मेलेल्या माणसाला बी बोलू दिना झालाय. त्यास्नी काय म्हणायचं हाय ते म्हणू द्या की. न्हाईतर न्हाई म्हणू द्यात."

घाट गप्प झाला. पाणी वाहत होतं त्याचा आवाज यायला लागला. चहावर साय धरली. आम्ही सगळे त्या पानाकडं बघत उभे होतो, आणि माझी बोटं हातात नसलेली शेंग शोधत होती.

कावळा आला नाही. गुरुजींनी बराच वेळ वाट बघितली, मग दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि विधी उरकला. माणसं पांगली. काकू पुतण्याच्या खांद्याला धरून पायऱ्या चढल्या. त्या गप्प असलेल्या मला बघवेनात.

आम्ही तिघं खालच्या पायरीवर मागं राहिलो. पुतणीच्या हातात उरलेल्या शेंगांची पिशवी. तिला पुण्याला जायचं होतं, उपग्रहाच्या फोटोवरून नदीचा नकाशा करायचा काहीतरी पुढचा कोर्स. प्रवेश मिळाला होता. घरात हे फक्त मला ठाऊक होतं आणि योग्य वेळ बघून, सर्वांची मनं वळवून, मी ते दादाच्या कानावर घालणार होतो. मांडणी तयार होती. आधी म्हशीचं बोलायचं, मग उसाचं, मग पुण्याचं.

दादा नदीकडं बघत म्हणाला, "तुझं काय म्हणणं हाय?"

माझ्याकडं बघून नव्हे. तिला, थेट. किती दिवसांनी ते मलाही सांगता येणार नाही.

ती दचकली. फरशी नव्हती तिथं, पायरीचा दगड होता, त्याकडं बघायला लागली. मी घसा साफ केला. "त्याचं असं हाय दादा, ती म्हणत्या—"

दादानं न बघता तिच्या पिशवीत हात घातला, मूठभर शेंगा काढल्या आणि माझ्या ओंजळीत ओतल्या.

"फोड," म्हणाला.

मी पायरीवर बसलो आणि फोडायला लागलो. दाणे रुमालावर, टरफलं पाण्यात. दादा थांबला होता. कठड्यावरचे कावळे उडून गेले. ऊन वरच्या पायऱ्यांवरून आमच्यापर्यंत आलं. मग कधीतरी ती बोलायला लागली.

काय बोलली ते मी ऐकलं आहे, पण ते तिचं आहे. तिलाच विचारा.